नळी कशासाठी आहे, ते कुठे लिहिलंय?

गेल्या जुलैतली गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास घोडबंदर रस्त्यालगतच्या एका वृद्धाश्रमातून फोन आला. "सिस्टर, सात नंबरच्या आजींची लघवी अडकलीय. पोट टणक झालंय, हात लावू देत नाहीत." बाहेर पाऊस कोसळत होता. मी राहते नौपाड्यात. त्या वेळी रिक्षा मिळून तिथे पोहोचायला तास गेला असता, म्हणून आजींना जवळच्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. तिथे त्यांची लघवीची नळी (कॅथेटर) बदलली, पिशवीत एकदम नऊशे मिली लघवी आली आणि आजी शांत झाल्या. पहाटे त्यांना परत आणलं.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले ती रजिस्टर बघायला. तीस वर्षांहून अधिक काळ स्टाफ नर्स म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. आता ठाण्यात, ऐरोलीत, कोपरखैरण्यात घरोघरी आणि काही आश्रमांत नळी बदलणं, बेडसोरचं ड्रेसिंग करणं अशी कामं करते. त्या आश्रमाचं रजिस्टर नीटनेटकं होतं. तारीख, ड्युटीवरच्या माणसाची सही, कुणाला ताप किती, कुणाची पिशवी किती भरली, सगळं होतं. नियम असा की दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांच्या नळ्या बदलायच्या. मी फक्त सात नंबरच्या ओळी शोधत मागे मागे गेले आणि एका कागदावर उतरवत गेले.

मार्चमध्ये नळी बदलल्यापासून अठराव्या दिवशी तुंबली. एप्रिलमध्ये एकोणिसाव्या. मे महिन्यात सतराव्या, जूनमध्ये पुन्हा अठराव्या. जुलैतली ती रात्रही सतरावीच. पाच महिन्यांत पाच वेळा ब्याऐंशी वर्षांची एक बाई ओटीपोटाच्या कळांनी विव्हळत स्ट्रेचरवर चढली आणि दर वेळी ड्युटीवर वेगळा माणूस होता. प्रत्येकाने आपापल्या पाळीचं इमानाने लिहिलं होतं, निळ्या शाईत, काळ्या शाईत, एकदा हिरव्याही. पण ते रजिस्टर तारखांचं होतं. तारीख उघडली की त्या दिवसाचे अठरा जण दिसत. आजींचे पाच महिने एका नजरेत दिसतील असं एकही पान त्या आश्रमात नव्हतं.

काही जणांच्या लघवीत असे जंतू ठाण मांडून बसतात की ते युरिया फोडून लघवीची आम्लता घालवतात. मग फॉस्फेटचे क्षार नळीच्या टोकाशी आणि आतल्या बाजूला बसू लागतात. घोडबंदर पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. टँकरच्या पाण्यावर चालणारा गीझर उघडला की कॉइलवर जो पांढरा थर दिसतो, तसाच हा. कुणाची नळी दहा दिवसांत भरते, कुणाची दोन महिने स्वच्छ राहते. म्हणून तर अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २००९च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं की ठरावीक दिवस झाले म्हणून सरसकट नळी बदलू नका, कारण असेल तेव्हा बदला. आणि ब्रिटनमधली नाइस ही संस्था सांगते की ज्याची नळी वारंवार तुंबते त्याची ती सवय नोंदवून ठेवा आणि त्याच्यापुरता क्रम ठरवा. आम्ही तो कागद डॉक्टरांना दाखवला. मूत्राशयात खडा नाही ना, हे सोनोग्राफीत बघून घेतलं. आजींची नळी दर चौदा दिवसांनी बदलायची असं ठरलं. तेव्हापासून आजतागायत त्यांना रात्री-बेरात्री हलवावं लागलेलं नाही.

माझं म्हणणं असं आहे की लघवीची नळी लावलेल्या प्रत्येक वृद्ध माणसाचा काळजीचा आराखडा त्याच्या स्वतःच्या नावाने लिहिलेला असलाच पाहिजे, आणि तो नसेल तर अशा माणसांना ठेवून घेण्याची परवानगी कुठल्याही संस्थेला मिळता कामा नये. हे काम संस्थाचालकाच्या चांगुलपणावर सोडण्याजोगं नाही. सगळ्यांना एकच नियम लावला की वागणूक समान झाली असं चालकांना वाटतं, नातेवाइकांनाही वाटतं. प्रत्यक्षात त्या नियमाच्या खाली माणूस दिसेनासा होतो.

ठाणे-नवी मुंबईत हा प्रश्न आता कुणाच्या तरी घरापुरता राहिलेला नाही. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तिशीतली जी जोडपी दादर-गिरगावातल्या खोल्या सोडून वाशीला, नेरुळला आली, ती आज पंच्याहत्तरी ओलांडून ऐंशीकडे निघालीत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढच्या माणसांचं प्रमाण ९.९ टक्के होतं, म्हणजे देशाच्या ८.६ टक्क्यांपेक्षा जास्त. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींत लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरची बाई बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडून घेते, ऑपरेशन होतं आणि डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांच्या लक्षात येतं की हिला आता वर कसं न्यायचं? मुलगा पुण्यात किंवा परदेशात, सून नोकरीला. मग 'दोन-तीन महिन्यांसाठी' म्हणून पनवेल, बदलापूर नाहीतर घोडबंदरकडच्या एखाद्या आश्रमात सोय होते. हॉस्पिटलातून निघताना नळी बरोबर येते. ती का लावली आणि कधी काढायची, हे मात्र बरोबर येत नाही.

एका आजोबांचं सांगते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेले, बोटांची पेरं अजून जाड. खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा लघवी अडकली म्हणून नळी टाकली. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या गोष्टीला सात महिने झाले होते. हाड जुळलं होतं, वॉकर घेऊन ते खोलीत चालत होते. पण संध्याकाळी गच्चीवर सगळे बसत तिथे ते जात नसत. पायजम्याच्या बाहेर लोंबणारी पिवळी पिशवी चारचौघांत नको वाटायची. मी डिस्चार्ज कार्ड मागितलं. त्यावर नळीच्या जाडीचा नंबर सोळा लिहिला होता, बस्स. कारण नाही, मुदत नाही, पुन्हा कुणाला दाखवायचं तेही नाही. केअरटेकरला विचारलं तर म्हणाला, "ते आले तेव्हापासून आहे." मुलाला फोन केला, तो म्हणाला, "आम्हाला वाटलं, आता कायमचीच."

आजोबांना विचारलं, "आजोबा, तुम्हाला कुणी सांगितलं का, ही कशाला लावलीय?"

"बाई, मला कोण विचारतंय? मी म्हटलं असेल काहीतरी."

युरॉलॉजिस्टकडे नेलं. प्रोस्टेट वाढलेलं होतं, पण फार नाही. त्यांना महिनोन् महिने बद्धकोष्ठता होती, आणि भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयाच्या तोंडावर येतो. रात्री शिंका येतात म्हणून सर्दीची एक जुनी गोळी चालू होती. त्या जातीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या पुरुषांची लघवी अडकते हे फार्मसीच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल. गोळी बंद केली, पोट साफ होईल असं औषध दिलं, लघवीची वाट सैल करणारं टॅमसुलोसिन सुरू केलं. आणि मग एक दिवस ठरवून सकाळी सहाला, नळी आत अडकवून ठेवणाऱ्या फुग्यातलं दहा मिली पाणी सिरिंजने काढून घेतलं आणि नळी काढली. सकाळी अशासाठी की अख्खा दिवस हाताशी राहतो. पुन्हा अडकलीच तर डॉक्टर भेटतात, रात्र अंगावर येत नाही. दहाच्या सुमारास आजोबा बाथरूममध्ये गेले. मी दाराबाहेर उभी होते. पहिल्यांदा थोडी, मग जरा थांबून पुन्हा. बाहेर आले आणि भांडं माझ्यापुढे धरलं, ते दीडशेच्या रेघेवर. चेहऱ्यावर शाळकरी मुलाने पाटीवरचं गणित दाखवावं तसा भाव होता. दुपारी सोनोग्राफीत मागे राहिलेली लघवी अगदी थोडी निघाली. त्या संध्याकाळी ते गच्चीवर गेले.

सात महिने. त्यातले निदान पाच महिने ती नळी कारणाशिवाय त्यांच्या अंगात होती, आणि यात कुणी दुष्टपणा केला नव्हता. विसर पडला होता, इतकंच. हा विसर मोठ्या हॉस्पिटलांतही पडतो. अमेरिकेतल्या डॉ. संजय सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असं दिसलं की नळी असलेल्या आपल्या पेशंटला नळी आहे, हे डॉक्टरांना शंभरातल्या २८ वेळा माहीतच नव्हतं. ही शिकवणाऱ्या मोठ्या रुग्णालयांतली गोष्ट. मग जिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा, तेही अर्धा तास येतो, तिथे काय होत असेल? त्याच डॉक्टरांनी दोन वर्षांनी लिहिलं की ही नळी म्हणजे माणसाला एका जागी बांधून ठेवणंच आहे. गच्चीवर न जाणारे आजोबा पाहिल्यावर मला ते शब्दशः पटलं.

म्हणून आराखड्याच्या पानावर पहिली ओळ 'ही नळी कशासाठी' अशी आणि दुसरी 'काढून बघायचं कधी' अशी असावी, असं मी धरून चालते. या दोन ओळी भरता येत नसतील तर बाकीचं पान भरण्यात अर्थ नाही. लघवी कपड्यात होते, चादरी बदलाव्या लागतात, माणसं कमी आहेत, हे नळीचं कारण होऊ शकत नाही. त्याला डायपर आहे, पुरुषांसाठी बाहेरून लावायचं कंडोम कॅथेटर आहे, दर दोन-तीन तासांनी हाताला धरून संडासात नेणं आहे. हे शेवटचं सगळ्यांत कष्टाचं आणि सगळ्यांत गुणकारी.

पण याच्या उलट टोकाचा आग्रहही मला मान्य नाही. मध्यंतरी एका ठिकाणी चालकांनी अभिमानाने सांगितलं, "आम्ही आता कुणालाच नळी ठेवत नाही." तिथे माकडहाडापाशी हाडापर्यंत गेलेली जखम असलेल्या एक काकू होत्या. रोज ड्रेसिंग व्हायचं आणि तासाभरात ते लघवीने भिजायचं. त्यांना जखम भरेपर्यंत नळी हवीच होती. शेवटच्या आजारातल्या माणसाला कूस बदलतानाही यातना होत असतील तर त्याला नळीने आराम मिळतो, आणि तो आराम देणं योग्यच आहे. मणक्याला छातीच्या मधोमध किंवा त्याच्या वर मार बसलेला पेशंट असेल तर त्याचं प्रकरण आणखी वेगळं. त्याची नळी तुंबली तर त्याला पोटात दुखल्याचं जाणवणार नाही, पण रक्तदाब एकदम चढेल, डोकं ठणकेल, चेहरा लाल होऊन घाम फुटेल. हे लक्षण ड्युटीवरच्या माणसाला माहीत नसेल तर तो बीपीची गोळी शोधत बसेल आणि नळीचा पीळ सोडवायचं राहून जाईल. अशा पेशंटच्या पलंगाशी हे दोन ओळींत लिहिलेलं असणं म्हणजे त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. नळी सगळ्यांची सारखीच दिसते, रबराची नाहीतर सिलिकॉनची, एक फुगा, एक पिशवी. तिच्या मागचं कारण प्रत्येकाचं निराळं असतं, आणि आराखडा त्या कारणातून निघतो.

पाण्याचंच बघा. आश्रमात भिंतीवर पाटी असते: 'नळी असलेल्यांनी भरपूर पाणी प्यावे.' मे महिन्याच्या उकाड्यात ते बरोबरही आहे. लघवी गडद झाली की ताक, कोकम सरबत, पेज, जे घशाखाली जाईल ते द्यायला हवं. पण शेजारच्या पलंगावरच्या माणसाचं हृदय अशक्त असेल, पायांवर सूज असेल, तर डॉक्टरांनी त्याला दिवसाला किती पाणी ते मोजून दिलेलं असतं. पाटी दोघांनाही तेच सांगते.

आता सगळ्यांत जास्त नुकसान होतं त्या गोष्टीकडे येते. पिशवीतली लघवी गढूळ दिसली किंवा वास आला की नातेवाइकांना फोन जातो, सॅम्पल जातं, रिपोर्टमध्ये जंतू निघतात आणि अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होतो. महिन्याने पुन्हा तेच. नळी आत असताना दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के माणसांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. महिनाभर नळी राहिली की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत ते असतातच. ते तिथे असणं हा आजार नाही. थंडी वाजून ताप आला, कुशीत किंवा ओटीपोटात नव्याने दुखू लागलं, माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखा वागू लागला आणि त्याला दुसरं कारण सापडत नाही, तर संसर्गाचा विचार करायचा. तेव्हाही सॅम्पल पिशवीतून घ्यायचं नाही. जुनी नळी काढून नवी टाकायची आणि नव्या नळीतून ताजी लघवी घ्यायची, नाहीतर रिपोर्ट पेशंटचा न येता जुन्या नळीवर साचलेल्या थराचा येतो. एकदा एका आजींची पिशवी चक्क जांभळी झाली. मुलगी घाबरून रडायला लागली. फार दिवस नळी असलेल्या, बद्धकोष्ठता असलेल्या बायकांत जंतूंमुळे असा रंग येतो. दिसायला भयंकर असतं, पण आजींना ताप नव्हता, दुखत नव्हतं. पोट साफ केलं, नळी-पिशवी बदलली. कोर्स दिला नाही. असे विनाकारण दिलेले कोर्स पुढे खऱ्या संसर्गाच्या वेळी नडतात, कारण तोवर साधं औषध लागू पडेनासं झालेलं असतं. म्हणून आराखड्यात त्या माणसाची नेहमीची लघवी कशी दिसते, नेहमीचा ताप किती, नेहमी तो कसा बोलतो, हेही लिहिलेलं हवं. बदल ओळखायचा तर आधी नेहमीचं काय ते माहीत पाहिजे.

काही गोष्टी सगळ्यांना सारख्याच लागू आहेत. पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली आणि जमिनीला न टेकलेली हवी. नळी मांडीला चिकटपट्टीने धरलेली हवी, ओढ बसता कामा नये. जोड उगाच उघडायचा नाही. पिशवी दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करायची. आणि पिशव्या रिकाम्या करायचं भांडं प्रत्येकाचं वेगळं. हे शेवटचं मी मुद्दाम सांगते, कारण एकच लाल डबा आणि ग्लोव्हजचा एकच जोड घेऊन आठ पलंग फिरणारा पोरगा मी डोळ्यांनी पाहिलाय. त्याने ग्लोव्हज घातले होते ते स्वतःला घाण लागू नये म्हणून. पहिल्या पलंगावरचे जंतू आपण आठव्यापर्यंत पोहोचवतोय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दोष त्याचा कसा म्हणायचा?

आणि लाजेचं काय? आमच्या पिढीच्या बायकांनी बाळंतपणातसुद्धा तोंडातून शब्द काढला नाही. त्या बाईची रोजची स्वच्छता एखादा ब्रदर करतो तेव्हा ती डोळे मिटून भिंतीकडे तोंड फिरवते आणि पुढे पुढे पाणीच प्यायचं कमी करते, म्हणजे कमी वेळा कुणाला बोलवावं लागेल. एका आजींनी मला असं कानात सांगितलं होतं. ड्युटीवर बाईमाणूस असेल त्याच वेळी यांची स्वच्छता करायची, ही एक ओळ त्यांच्या पानावर लिहिली आणि त्यांचं पाणी वाढलं. दुसऱ्या एका खोलीत एका आजींनी जुन्या सुती साडीचा अभ्रा शिवून दिलाय, पिशवीवर घालायला, नाडीसकट. खोलीतल्या तिघांनी तो मागून घेतला. चौथ्याने नको म्हटलं, त्याला त्याची फिकीर नव्हती. विचारल्याशिवाय यातलं काय कळणार होतं?

कायद्याचं आपल्याकडे एक अडचणीचं कोडं आहे. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे म्हातारी, परावलंबी माणसं दीर्घकाळ राहतात ती जागा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे गोखले रोडवरचं दहा खाटांचं खासगी हॉस्पिटल. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये १९८७च्या कायद्यापासून प्रत्येक रहिवाशाचा लेखी आराखडा बंधनकारक आहे. आज तर दाखल झाल्यापासून ४८ तासांत प्राथमिक आराखडा व्हावाच लागतो, आणि नळीसह आलेल्या माणसाची नळी लवकरात लवकर काढता येईल का याची तपासणी करणं हा नियम आहे. नियम आहे म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण २०१७ मध्ये डॉ. लोना मोदी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या अनेक राज्यांतल्या चारशेहून अधिक नर्सिंग होममधल्या उपक्रमाचे निष्कर्ष मांडले. गरज नसलेली नळी काढणं, नळी घालताना निर्जंतुक पद्धत, ठरावीक काळाने फेरतपासणी, कर्मचाऱ्यांना शिकवणं आणि लघवीवर ताबा नसलेल्यांसाठी स्वतंत्र आराखडा, एवढ्यावर भर होता. दर हजार नळी-दिवसांमागे, म्हणजे शंभर जणांना दहा दिवस नळी असेल तर त्यामागे, संसर्गाचं प्रमाण ६.७८ वरून २.६३ वर आलं. नळ्यांचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं होतं, सुधारली ती नळीभोवतीची काळजी.

आपल्याकडे २००७चा पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीचा कायदा जिल्ह्यामागे निदान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांसाठीच्या वृद्धाश्रमाची भाषा करतो. निवासगृहांची नोंदणी आणि किमान मानकं आणू पाहणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण मंजूर झालं नाही. मग वाट बघत बसायचं? मला वाटतं, गरज नाही. महाराष्ट्राचा १९४९चा नर्सिंग होम नोंदणी कायदा उघडून व्याख्या वाचा. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि त्यांची शुश्रूषा जिथे केली जाते, ती जागा. ज्या आश्रमात अठरा माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत, सहा जणांना नळ्या आहेत, इंजेक्शनं दिली जातात, ड्रेसिंग होतं, तिथे शुश्रूषा होत नाही असं कोण म्हणेल? ही नोंदणी आपल्या शहरांत महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपल्या हद्दीतली अशी ठिकाणं शोधून या कायद्याखाली आणावीत आणि तपासणीला जाताना फायर एनओसीइतक्याच काटेकोरपणे नळी असलेल्या प्रत्येकाचं नावाचं पान मागावं. नवी मुंबईत महापालिकेने ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं काढली, ते चांगलंच केलं. पण ती चालत येऊ शकणाऱ्या ज्येष्ठांची झाली.

याला चालकांचा आक्षेप मला पाठ आहे, कारण त्यांच्यातली अनेक माणसं मनापासून काम करणारी आहेत आणि माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. "सिस्टर, माणसं मिळत नाहीत. ब्युरोकडून आलेला मुलगा तीन महिन्यांत जातो. नियम आले की लहान आश्रम बंद पडतील, आणि मग हे म्हातारे जातील कुठे?" यातली भीती खरी आहे. पण माणसं तीन महिन्यांत जातात म्हणूनच तर पान हवं. तो मुलगा गेला की सात नंबरच्या आजींबद्दल त्याला जे जे कळलं होतं ते त्याच्याबरोबर जातं, आणि नवा मुलगा पहिल्यापासून सुरुवात करतो, आजींच्या जिवावर. पैशांचं म्हणाल तर त्या जुलैतल्या एका रात्रीत ॲम्ब्युलन्स आणि हॉस्पिटल मिळून जे गेले, त्यात आजींच्या सहा महिन्यांच्या नळ्या आल्या असत्या. पहिलं पान भरायला मला वीस मिनिटं लागली, तीही जुनं रजिस्टर उलटायला गेली म्हणून. लहान आश्रमांना फॉर्मचा नमुना आणि आठवड्याला एक नर्स महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून द्यावी. तपासणी करणाऱ्याने पहिल्या वर्षी दंड न लावता शिकवावं. हे मला मान्य आहे. पानच नको, हे मान्य नाही.

पान इंग्रजीत असू नये, हेही आग्रहाने सांगते. रात्रपाळीला असणारी मुलं-मुली जव्हार-मोखाड्याची, शहापूरची, काही उत्तर प्रदेश-बिहारची. डॉक्टरांच्या अक्षरातलं इंग्रजी त्यांना रात्री तीन वाजता काय उपयोगाचं? मराठीत, लागलं तर हिंदीत, मोठ्या अक्षरांत. आणि त्यांनाही त्यावर लिहिता आलं पाहिजे. माझ्या अनुभवात पलंगावरच्या माणसाबद्दल सर्वांत जास्त त्यांनाच माहीत असतं, आणि सर्वांत कमी त्यांनाच विचारलं जातं.

आता त्या आश्रमात सात नंबरच्या पलंगाला पायथ्याशी प्लॅस्टिकच्या पाकिटात पान अडकवलेलं असतं. वर नळीचं कारण, नंबर, फुग्यात किती पाणी, शेवटची कधी बदलली, पुढची कधी. खाली मोकळी जागा. मागच्या महिन्यात नळी बदलायला गेले तर त्या मोकळ्या जागेत रात्रपाळीच्या मुलीने पेन्सिलीने लिहिलं होतं: 'आजी डाव्या कुशीवर झोपल्या की नळी मांडीखाली दाबते. रात्री दोनला बघणे.' मी विचारलं, "हे कधी लक्षात आलं तुझ्या?" म्हणाली, "लई दिवस झाले सिस्टर. लिहायला जागा नव्हती."